फाटक बंद, नंबर सांगा

चंद्रहास बेहेऱ्यांना मी भाऊजी म्हणते, पण नात्यानं ते माझे कोणी नाहीत. लखनौच्या तेलीबागेत आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि माझं, दारासमोर दार. त्यांची बायको कौमुदी पहिल्या दिवसापासून मला धाकट्या बहिणीसारखी हक्कानं रागवायची, म्हणून त्या ताई आणि हे भाऊजी. माणूस सज्जन, पण हट्टी. इतका हट्टी की कधी कधी त्यांच्या तोंडावर दार लावून घ्यावंसं वाटायचं, आणि एकदा मी ते लावलंही. ते अजून मला टोचतं.

भाऊजी रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर होते. सगळी नोकरी लखनौ आणि आसपासच्या स्टेशनांवर गेली. रुळांवरच्या फाटकाची एक रीत ते आल्यागेल्याला सांगायचे, मी निदान पन्नास वेळा ऐकली असेल. गाडी यायची असली की स्टेशन मास्तर गेटमनला फोन करतो, "फाटक बंद कर." गेटमन फाटक लावतो आणि परत फोनवर येतो. पण "हो साहेब, लावलं" एवढं म्हणून भागत नाही. त्याच्याजवळ एक कागद असतो, त्यावर दोन आकडी नंबर लिहिलेले. त्यातला पुढचा नंबर तो सांगतो आणि खोडतो. एकदा दिलेला नंबर परत द्यायचा नाही. मास्तरला नंबर मिळाला तरच फाटक बंद, नाही मिळाला तर उघडं धरायचं आणि गाडी थांबवायची. ह्याला ते प्रायव्हेट नंबर म्हणतात.

ही रीत त्यांनी घरात आणली ती मृणाल रांगायला लागली तेव्हा. त्यांचं क्वार्टर रुळांना लागून होतं आणि पोरगी उंबरा ओलांडून सरळ रुळांखालच्या गिट्टीकडे धावायची. भाऊजी ड्यूटीवरून फोन करायचे, "फाटक बंद?" कौमुदीताई वनस्पतींच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, घरी असल्या तर उठून कडी बघून यायच्या, कागदावरचा नंबर सांगायच्या आणि पेन्सिलीनं खोडायच्या. मृणाल मोठी झाली, शिकली, पुण्याला नोकरीला लागली, लग्न झालं, तरी तेलीबागेतल्या घरात फोनशेजारी तो कागद होताच. मी खूप हसले आहे त्या दोघांना.

दोन हजार सोळापासून कौमुदीताई विसरायला लागल्या. आधी शब्द, मग माणसं, मग रस्ते. एकदा फोनवर त्यांना कागदावरचा नंबर सापडेना, तेव्हा त्या इतक्या रडल्या की भाऊजींनी कागद काढून ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. "तिला त्रास नको," म्हणाले. तिथंच चूक झाली, पण तेव्हा ती माझ्याही लक्षात आली नाही.

दोन हजार अठराच्या ऑगस्टमध्ये त्या घरातून निघून गेल्या आणि आलमबागच्या बस अड्ड्यावर सापडल्या, कानपूरच्या गाडीत बसलेल्या. मृणाल विमानानं आली. तिनं पुण्यात आपल्या घराजवळ एक जागा बघून ठेवली होती, अशा आजारी माणसांना चोवीस तास सांभाळतात तशी. भाऊजी म्हणाले, घरात राहू दे तिला, इथली भिंत न् भिंत तिच्या हाताला माहीत आहे. बराच वाद झाला. शेवटी मृणाल म्हणाली, "ठीक है बाबा. पण पुन्हा एकदा, बस एकदा असं झालं ना, तर मी आईला घेऊन जाणार. तेव्हा तुम्ही बहस करायची नाही." भाऊजींनी शब्द दिला. त्या दिवसापासून ते घर त्या एका शब्दावर उभं होतं, आणि आम्हा तिघांचाही जीव टांगणीला लागला.

बाहेरून कुलूप लावा, असं मीच सुचवलं होतं. त्यांनी एकदा लावूनही पाहिलं. आतून कौमुदीताईंनी दार इतकं बडवलं की मनगटं काळीनिळी झाली. त्यानंतर त्यांनी कुलूप भंगारात दिलं.

ऑक्टोबरात मृणाल ऑफिसच्या कामाला अमेरिकेत गेली होती, तिथून तिनं एक खोका आणला आणि पाठवून दिला. पुढच्या आणि मागच्या दाराला चिकटवायच्या दोन पांढऱ्या पट्ट्या आणि अंधार पडला की आपोआप लागणारा एक दिवा, न्हाणीघराच्या वाटेसाठी, तोही वाय-फायवरचा. दार उघडलं की पट्टी वाय-फायवरून कळवणार, आणि भाऊजींच्या आणि मृणालच्या मोबाइलवर लाल खूण येणार. बंद असलं की हिरवी. हिरवी आणि लाल! भाऊजींचा चेहरा असा खुलला की जणू कुणी त्यांना परत नोकरीवर बोलावलं.

पण त्या पट्ट्या काही जोडल्या जाईनात. चार दिवस भाऊजी चष्मा कपाळावर सरकवून राउटरपुढे बसून होते. मोबाइल म्हणायचा, उपकरण सापडत नाही. पट्टी लुकलुकायची आणि विझायची. मग त्यांना उलगडा झाला आणि तो मला ऐकवायला ते भर दुपारी माझ्या दारात हजर. राउटरच्या एका डब्यातून दोन वाय-फाय निघतात. एक पाच गिगाहर्ट्झचं, वेगवान, पण दोन भिंती आड आल्या की दमतं. दुसरं दोन पॉइंट चारचं, धिमं, पण मागच्या अंगणापर्यंत पोचतं. पट्ट्यांना हे धिमंच तेवढं कळतं, आणि भाऊजींचा मोबाइल बसला होता वेगवान लाइनवर. "मेल लाइनवर उभं राहून मी पॅसेंजरची वाट बघत होतो, विभा!" त्यांनी दोन्ही लाइनींना वेगळी नावं दिली, मोबाइल धिम्या लाइनवर आणला, आणि दहा मिनिटांत पट्ट्या आणि दिवा सगळं जोडलं गेलं. मोबाइल मग परत वेगवान लाइनवर गेला.

तोपर्यंत ते कुठंही निघाले की मी ताईंपाशी जाऊन बसायची. आता ते मला म्हणाले, "तू नको येत जाऊस. आता गरज नाही." एवढंच. धड आभार नाहीत, काही नाही. दोन वर्षं माझी कामं सोडून मी तिथं बसले होते. गरज नाही म्हणे! मी त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. भाऊजींची बँक आलमबागला. जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आणखी एक कारभार केला. मोबाइलवर त्यांनी गल्लीतली सगळी वाय-फाय बघितली. जो तो एक, सहा नाहीतर अकरा नंबरच्या चॅनेलवर, वाय-फायचे रूळच म्हणा ते, तिथं नुसती गर्दी. तेरा नंबर मात्र रिकामा. सिग्नलवाल्याला रिकामी लाइन दिसली की राहवतं थोडंच? त्यांनी आपली धिमी लाइन तेरावर टाकली, मोबाइलकडे पाहिलं, दोन्ही दारं हिरवी. झालं.

पहाटेच्या अंधारात न्हाणीघराच्या वाटेवरचा दिवा लागला नव्हता. कौमुदीताईंना येताजाता बटणं बंद करायची सवय, तेव्हा त्यांनीच भिंतीवरचं बटण दाबलं असेल असं भाऊजींनी धरलं. कामवाली आवरून गेली. साडेनऊला ते निघाले. बाहेर पडून दार ओढलं, मोबाइलवर हिरवी खूण आणि "बंद" हा शब्द बघितला आणि टेम्पोत बसले. बँकेच्या रांगेत दर पाच मिनिटांनी तोच शब्द बघत राहिले. पुण्यात मृणालही बघत होती.

मी घरी होते. सव्वादहाच्या सुमाराला समोरच्या दाराची कडी वाजली. मला नीट ऐकू आली. उठून खिडकीशी जायला मला चार पावलं पडली असती. पण मी मटार सोलत बसले होते आणि मनात म्हटलं, बघेल की त्यांचं मशीन. माझी गरज नाही ना? हे मी कुणाला सांगणार नव्हते, पण लिहायला बसले आहे तर लिहितेच.

पावणेबाराला भाऊजी माझ्या दारात आले. "विभा, कौमुदी तुझ्याकडे आहे ना?"

त्यांच्या खांद्यावरून मला त्यांचं दार दिसत होतं. सताड उघडं. त्यांच्या हातात मोबाइल होता.

"पण हे तर बंद दाखवतंय," ते म्हणाले. वळून उघड्या दाराकडे बघितलं, परत मोबाइलकडे बघितलं. "बंदच दाखवतंय गं."

"सव्वादहाला कडी वाजली होती," मी म्हटलं. "मी उठले नाही भाऊजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सव्वादहा. म्हणजे दीड तास. ताशी तीन किलोमीटरनं चालते ती. साडेचार किलोमीटर झाले." मग रस्त्याकडे बघून म्हणाले, "रायबरेली रोड आला त्यात. नहरही आली."

ते रस्त्याकडे गेले, मी नहरेकडे, म्हणजे कालव्याकडे. आयुष्यात इतकी भरभर मी चालले नसेन. भाजीवाल्याला विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं. "भैया, एक बुज़ुर्ग आंटी देखीं? भूरी शॉल में?" कुणी नाही म्हणालं, कुणी लक्षच दिलं नाही. एक बाई धुणं वाळत घालत होती, ती म्हणाली, "हाँ, एक अम्मा गई तो हैं पुल की तरफ़. अपने आप से बतिया रही थीं." कधी? "देर हुई."

नहरेला पाणी भरपूर सोडलेलं होतं. कडेकडेनं चालताना मी पाण्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तिकडेच बघत राहिले. पुलाच्या अलीकडे, जिथं कचरा अडकतो, तिथं काहीतरी तपकिरी फुगून वरखाली होत होतं. शालीसारखं. मी जागच्या जागी थांबले. "ताई," अशी मी हाक मारली, पाण्याला. मग लाटेनं ते उलटलं आणि त्यावर सिमेंटच्या कंपनीची अक्षरं दिसली. पोतं होतं. मी तशीच पुढं निघाले.

पूल ओलांडला, मग मोठा रस्ता. ट्रक, डंपर, बस, कुणी कुणासाठी थांबत नाही. हा रस्ता त्या बाईनं एकटीनं ओलांडला असेल तर कसा, हे मला आजही कळलेलं नाही. पलीकडे रोपांची एक नर्सरी आहे. तिथं कुंड्यांच्या रांगेत ताईंची तपकिरी शाल दिसली.

कौमुदीताई उकिडव्या बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. नर्सरीवाला जगदीश हात बांधून बाजूला उभा. "आप इनके घर से हैं? दो घंटे से डाँट खा रहे हैं हम. नाम पूछो तो कहती हैं, पहले पानी कम करो."

"विभा, बघ किती पाणी घालतो हा," ताई म्हणाल्या. "मुळं कुजतील सगळी."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि एक थोबाडीतही द्यावीशी वाटली. मी रडले तेवढं. भाऊजींना फोन केला. ते आले तेव्हा रस्त्याच्या पलीकडे होते, मधून गाड्यांची रीघ. पाच मिनिटं त्यांना ओलांडता येईना. तिथून ते नुसते हात जोडून उभे होते, आम्हाला की जगदीशला की आणखी कुणाला, देव जाणे. मग पोचले. ताईंनी वर पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या दाखल्याचं काम झालं का?"

तेवढं त्यांच्या लक्षात होतं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "मृणालला सांगू नका. तिला कळायचं कारण नाही. तिच्या मोबाइलवरही हिरवंच होतं." मी मनापासून म्हटलं होतं. भाऊजी ताईंची नखं ब्रशनं घासत होते. ते म्हणाले, "अपघात लपवला की पुढचा मोठा होतो." आणि माझ्यासमोर फोन लावला. पलीकडे मृणालनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मैंने भी देखा था. मीपण सारखी बघत होते, हरा था." रडायलाच लागली. "शनिवारी येते. आईची बॅग भरून ठेवा."

दोन दिवस भाऊजी दोष शोधत होते. सापडला तो त्यांनी फुलस्केप कागदावर चौकशी अहवालासारखा लिहिला. पट्ट्या अमेरिकेतल्या. तिकडची उपकरणं अकरा नंबरच्या चॅनेलपर्यंतच ऐकतात, आपल्याकडे तेरापर्यंत चालतं. लाइन तेरावर गेल्याबरोबर पट्ट्या आणि दिवा बहिरे झाले. मोबाइल दुसऱ्या लाइनवर होता, म्हणून त्याला पत्ता लागला नाही. पट्टीकडून शेवटी जे कळलं होतं तेच तो दाखवत राहिला. बदल केल्यावर एकदा दार उघडून लाल खूण येते का, हे पाहायचं असतं, ते पाहिलं नाही. खाली लिहिलं होतं, जबाबदार: चंद्रहास बेहेरे. माझं नाव कुठंच नव्हतं. मी शोधलं.

शनिवारी मृणाल आली. बॅग भरलेली दाराशी होती, त्यांनी दिलेल्या शब्दाप्रमाणे. भाऊजींनी तिला अहवाल दिला आणि म्हणाले, "वाय-फाय मी सहावर आणलंय, पट्ट्या चालतात. पण त्याचा उपयोग नाही. चूक वाय-फायची नव्हतीच. छत्तीस वर्षं मी नंबर घेतल्याशिवाय गाडी सोडली नाही, आणि घरी एका हिरव्या ठिपक्यावर भरवसा ठेवला. मी हिला विचारलंच नाही." ड्रॉवरमधून त्यांनी जुना कागद काढला आणि फोनशेजारी चिकटवला. "एकदा विचारून बघू दे. नाही जमलं तर बॅग मीच उचलतो."

"बाबा, नहीं होगा. आईला नाही जमणार."

"मलाही तसंच वाटलं होतं."

ते दोघं गल्लीच्या टोकाला गेले. मला आत बसवलं, आणि एक शब्द बोलायचा नाही म्हणून बजावलं. फोन वाजला. ताईंनी उचलला. रिसीव्हरमधून भाऊजींचा आवाज मला बसल्या जागी ऐकू आला, "फाटक बंद?"

ताईंनी रिसीव्हर टेबलावर ठेवला. उठल्या. खिडकीशी गेल्या आणि पडदा सारखा केला. मग खुर्चीत येऊन बसल्या आणि पदराची घडी घालत राहिल्या. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. रिसीव्हर तसाच पडलेला. दार, ताई, दार, असं माझ्या तोंडात आलं होतं आणि मी पदर तोंडात कोंबला. दाराशी बॅग दिसत होती.

ताईंची नजर बॅगेवर गेली. त्या उठल्या, बॅग पायानं बाजूला सारली, कडी ओढून बघितली. परत आल्या, कागदावर बोट फिरवलं, रिसीव्हर उचलला.

"बंद आहे. एकोणचाळीस," त्या म्हणाल्या, आणि पेन्सिलीनं आकडा खोडला.

मृणाल धावत आली ती आईच्या गळ्यात पडली. बॅग तिनंच रिकामी केली.

पुढचं वर्षभर तसं चाललं. भाऊजी बाहेर गेले की दर पंधरा मिनिटांनी फोन, आणि दर वेळी नवा नंबर, कागद संपला की नवा कागद. मी माझ्या खिडकीशी बसायची, मला कुणी सांगितलं नव्हतं तरी. नोव्हेंबर परत आला, दाखल्याचं काम परत आलं. त्या दिवशी आलमबागहून फोन आला तेव्हा मी ताईंपाशीच होते. त्या म्हणाल्या, "बंद आहे. बासष्ट." आकडा खोडला. पंधरा मिनिटांनी परत फोन. ताई दाराकडे गेल्या नाहीत. "बंद आहे. बासष्ट."

अर्ध्या तासात भाऊजी घरात होते, दाखला न देताच. दार बंद होतं, मोबाइलवर हिरवं होतं, ताई खुर्चीत होत्या, मी समोर होते. "सगळं ठीक तर आहे!" मी म्हटलं.

"नंबर दुसऱ्यांदा आला."

"एका नंबरावरून काय मोठंसं! चुकतं माणूस. मी होते ना इथं?"

"तू नसतीस तर?" ते म्हणाले. "तोच नंबर परत आला, म्हणजे नंबर आलाच नाही विभा." आणि त्यांनी मृणालला फोन लावला. "बाळा, ये. आईला न्यायला ये." कुणी मागितलं नव्हतं, कुणाला कळलंही नसतं. मला त्यांचा इतका राग आला की मी चपला न घालताच घरी निघून आले.

डिसेंबरात ते दोघंही पुण्याला गेले. ताई त्या जागेत राहतात, आणि भाऊजींनी शेजारीच एक खोली घेतली आहे. सकाळी जातात, संध्याकाळी परत येतात. जाताना त्यांनी मला घराची किल्ली दिली आणि एक कागद, नव्यानं लिहिलेला, दोन आकडी नंबरांचा.

आठवड्यातून एकदा फोन येतो. "फाटक बंद?" मी चपला घालते, समोर जाते, कुलूप ओढून बघते, परत येते. नंबर सांगते, खोडते. परवा फोनवर मागून ताईंचा आवाज आला, "कोण आहे?"

"गेटमन," भाऊजी म्हणाले.